ओढ्याच्या खोऱ्यातलं पाणी: अडवण्याआधी वाटा ठरवा

माण नदी साताऱ्याच्या माण तालुक्यात, महादेव डोंगररांगेतल्या कुळकजाईच्या माथ्यावर उगवते. दहिवडी, म्हसवड, आटपाडी, सांगोला असा पर्जन्यछायेचा पट्टा ओलांडून ती भीमेला मिळते. तिला येऊन मिळणाऱ्या एखाद्या ओढ्याच्या काठी सप्टेंबरच्या शेवटी उभं राहून बघा. बंधाऱ्यावरून पाणी पडत असतं, पोरं डुंबत असतात, टिटव्या ओरडत असतात. त्याच जागी मार्चअखेर या. पात्रात वेडी बाभूळ आणि टायरच्या चाकोऱ्या, आणि वर चावडीपाशी टँकरची वाट बघणारे हंडे.

या दोन चित्रांच्या मध्ये सहा महिने आहेत आणि नियोजन करायचं ते याच सहा महिन्यांचं. बहुतेक गावं मात्र 'बंधारा कुठं बांधायचा' इथून सुरुवात करतात. माझं सांगणं एवढंच आहे की बंधारा ही तिसरी-चौथी पायरी आहे. आधी पाणी किती आहे ते मोजायचं, मग कोणाचा किती वाटा ते ठरवायचं, मग अडवायचं. वाटा न ठरवता अडवलेलं पाणी ज्याची मोटर मोठी त्याच्या शेतात जातं. हे मी एका गावात नाही, अनेक गावांत पाहिलं आहे.

खाली जी पद्धत देतोय ती माणसारख्या ४५०-५०० मि.मी. पावसाच्या, बेसॉल्ट खडकाच्या खोऱ्यातल्या एखाद-दोन गावांसाठी आहे. कोकणात किंवा तापीच्या गाळाच्या पट्ट्यात हेच आकडे जसेच्या तसे लावू नका.

नकाशा गावाचा नको, पाणलोटाचा हवा

सातबाऱ्यावरची हद्द पाण्याला कळत नाही. तुमच्या ओढ्यात पाणी आणणारा डोंगर शेजारच्या गावच्या हद्दीत असू शकतो आणि तुमच्या शिवारात मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरीत निघू शकतं. म्हणून पहिलं काम पाणलोटाची सीमा आखण्याचं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारलंत तर तुमचं गाव कोणत्या पाणलोटात येतं ते सांगतील. भीमेच्या खोऱ्यातल्या पाणलोटांचे क्रमांक 'बीएम'ने सुरू होतात. त्यांच्याकडे तालुक्यातल्या निरीक्षण विहिरींच्या पाणीपातळीच्या जुन्या नोंदीही असतात, त्या मागून घ्या. सोबत १:५०,००० चा स्थलदर्शक नकाशा घ्या आणि समोच्च (समान उंची दाखवणाऱ्या) रेषांवरून माथा-रेषा पेन्सिलीने ओढा.

मग शिवारफेरी. ही एका दिवसात उरकू नका. एक दिवस डोंगर, एक दिवस मधला माळ, एक दिवस ओढा आणि विहिरी. सोबत सरपंच आणि ग्रामसेवक असावेतच, पण त्याहून महत्त्वाची माणसं तीन: एखादा मेंढपाळ, विहिरी खोदलेला एखादा म्हातारा गडी, आणि पाणी भरणाऱ्या दोन-तीन बायका. कोणत्या कपारीत मेपर्यंत ओल असते हे मेंढपाळाला माहीत असतं. किती परसावर (पुरुषभर खोलीच्या मापाने) काळा पाषाण लागला आणि कुठल्या अंगाने झरा फुटला हे खोदणाऱ्याला आठवतं. आणि कोणता हातपंप कोणत्या महिन्यात दम टाकतो हे बायकांइतकं कोणी सांगू शकत नाही.

नकाशावर हे उतरवा: सगळ्या विहिरी आणि बोअर (चालू, बंद, कोरडे), झरे, डोह, जुने बंधारे आणि त्यांची आजची अवस्था, वाळू असलेले आणि वाळू उपसलेले पट्टे, गायरान, वाड्या-वस्त्या, जनावरं पाण्यावर येण्याच्या वाटा. विहिरीच्या भिंतीत थर दिसतात ते टिपा. वर माती, मग मुरूम, मग फुटका किंवा जाळीदार खडक, कुठे लाल गेरूचा पट्टा, खाली अखंड काळा पाषाण. पाणी साठतं ते मुरमात आणि फुटक्या-जाळीदार खडकात. दहा-बारा विहिरींचे थर शेजारी शेजारी मांडले की तुमच्या गावाची जमिनीखालची टाकी कुठे आहे आणि किती जाड आहे याचा अंदाज येतो. हे चित्र हाती नसताना बंधाऱ्याची जागा ठरवणं म्हणजे नुसता अंदाजपंचे कारभार.

मोजायचं काय आणि कशाने

पाऊस: शाळेत साधं पर्जन्यमापक बसवा आणि रोज सकाळी साडेआठला नोंद घ्या. महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राचे आकडे मिळतात, पण माणसारख्या भागात एका डोंगराच्या अलीकडे पाऊस पडतो आणि पलीकडे धूळ उडते, त्यामुळे गावची स्वतःची नोंद हवीच.

विहिरी: पाणलोटाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातल्या मिळून पंधरा-वीस विहिरी निवडा. प्रत्येकीच्या काठावर ऑइलपेंटने एक खूण करा आणि नेहमी त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. मोजणी पहाटे, मोटरी सुरू होण्याआधी. महिन्यातून एकदा जमली तर उत्तम, नाहीतर ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि मेचा शेवटचा आठवडा या दोन मोजण्या चुकवू नका.

ओढा: वाहत्या ओढ्याचा दहा मीटरचा सरळ तुकडा निवडा, रुंदी आणि चार-पाच जागी खोली मोजा, वर एक सुकलेलं फळ किंवा लाकडाचा तुकडा सोडा आणि दहा मीटर जायला किती सेकंद लागतात ते पाहा. रुंदी गुणिले सरासरी खोली गुणिले वेग, आणि तळाशी पाणी हळू वाहतं म्हणून आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणा. ढोबळ आहे, पण दर पंधरा दिवसांनी केलंत तर ओढा कोणत्या आठवड्यात तुटतो ते वहीत दिसतं.

उपसा: प्रत्येक मोटरचा शक्य नसेल तर नमुन्याला दहा मोटरी घ्या. दोनशे लिटरचा बॅरल किती सेकंदांत भरतो ते बघा आणि हंगामात किती तास मोटर चालते ते शेतकऱ्याला विचारा. इथे लोक जरा आखडतात. वीज तोडायला किंवा पाणीपट्टी लावायला आलेत असं वाटतं. मोजणी सुरू करण्याआधी ग्रामसभेत हेतू स्पष्ट सांगा, आणि मोजणारं पोरगं गावातलंच असू द्या.

ताळेबंद: एक पूर्ण उदाहरण

पाण्याच्या हिशेबात एक सोपं सूत्र लक्षात ठेवलं की पुरे. एक हेक्टरवर एक मि.मी. पाऊस म्हणजे दहा हजार लिटर, म्हणजेच दहा घनमीटर. हजार घनमीटर म्हणजे एक टीसीएम. गावाचा हिशेब टीसीएममध्ये करायचा, टीएमसी (अब्ज घनफूट) धरणांसाठी.

समजा पाणलोट १२०० हेक्टरचा आहे, लोकसंख्या १८००, मोठी जनावरं ६००, शेळ्या-मेंढ्या १५००, आणि पाऊस ४८० मि.मी. झाला.

पडलेलं पाणी: १२०० × ४८० × १० = ५७,६०,००० घनमीटर, म्हणजे ५७६० टीसीएम. आकडा ऐकून गाव खूश होतं. पण यातलं साधारण ऐंशी टक्के मातीची ओल बनून पिकं, गवत, झाडं आणि ऊन यांत जातं. ते वाया गेलेलं नाही, तुमचा खरीप आणि गायरानाचा चारा त्याच्यावरच उभा असतो. पण ते उपसून वापरता येत नाही.

ओढ्यातून वाहणारं पाणी काढायला आपल्याकडे स्ट्रेंजचा तक्ता वापरतात. ५०० मि.मी.च्या आसपासच्या पावसाला, मध्यम प्रतीच्या पाणलोटात तो सुमारे अकरा टक्के देतो. आपण दहा धरू: ५७६ टीसीएम. बेसॉल्टमध्ये मुरणारं पाणीही मी नियोजनासाठी दहा टक्के धरतो: ५७६ टीसीएम.

आता कमी पावसाचं वर्ष घ्या, ३०० मि.मी. पडलेलं पाणी ३६०० टीसीएम. मुरणारं दहा टक्क्यांनी ३६०. पण वाहणारं पाणी दहा टक्के राहत नाही. कोरडी जमीन पहिले पाऊस पिऊन टाकते, म्हणून ते पाच टक्क्यांवर येतं: १८० टीसीएम. म्हणजे पाऊस घटला सदतीस टक्क्यांनी, आणि ओढ्याचं पाणी घटलं जवळपास सत्तर टक्क्यांनी. सरासरी पावसावर आखलेला आराखडा दुष्काळात का कोसळतो त्याचं कारण इथे आहे. म्हणून ताळेबंद नेहमी दोन रकान्यांत मांडा, एक बऱ्या वर्षाचा आणि एक वाईट वर्षाचा.

आता गरज. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर आहे. १८०० माणसांना रोज ९९ हजार लिटर, वर्षाला ३६ टीसीएम. मोठ्या जनावराला ५० आणि शेळी-मेंढीला ६ लिटर धरले तर रोज ३९ हजार लिटर, वर्षाला १४ टीसीएम. माणसं आणि गुरं मिळून ५० टीसीएम.

हा आकडा ग्रामसभेत फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. बऱ्या वर्षी ११५२ टीसीएममधून ५०, वाईट वर्षी ५४० मधून ५०. भर दुष्काळातही प्यायच्या पाण्याची गरज उपलब्ध पाण्याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी आहे. टँकर येतो तो पाणीच नव्हतं म्हणून नाही. होतं, पण पिण्यासाठी म्हणून वेगळं काढून ठेवलेलं नव्हतं.

आणखी एक तुलना करून दाखवा. एक हेक्टर ऊस वर्षाला सुमारे वीस हजार घनमीटर, म्हणजे वीस टीसीएम पाणी घेतो. गावातल्या सगळ्या माणसांचं वर्षाचं पाणी म्हणजे साडेचार एकर ऊस. मी हे उसाच्या रागाने सांगत नाही. ज्याच्याकडे कालव्याचं पाणी आहे त्याचं गणित वेगळं. पण विहिरीच्या पाण्यावर, पाचशे मि.मी.च्या आत पाऊस असलेल्या शिवारात हे परवडत नाही, आणि ते न परवडणं आधी वस्तीवरच्या बाईच्या डोक्यावर येतं.

हिशेब पडताळायला विहिरींच्या मोजण्या कामी येतात. दरीतला पाणीधारक पट्टा ५०० हेक्टरचा असेल आणि खडकातून उपसता येणारं पाणी आकारमानाच्या दोन टक्के धरलं, तर पातळी सरासरी एक मीटर खाली जाणं म्हणजे १०० टीसीएम गेलं. ऑक्टोबर ते मे पातळी चार मीटर उतरली तर ४०० टीसीएम. तुमच्या कागदावरच्या उपशाशी हा आकडा साधारण जुळला पाहिजे. फारच तफावत दिसली तर मोटरींचे तास कमी सांगितले गेले असतील, किंवा जमिनीखालून पाणी पाणलोटाबाहेर जात असेल. दोन्ही शक्यता तपासा.

वाटे: कोणाचं आधी

माझा क्रम असा. पहिला वाटा माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचा, आणि तो ३१ मेपर्यंत नव्हे, ३१ जुलैपर्यंतचा. मृग कोरडा गेला की मेपर्यंतचं नियोजन उघडं पडतं.

दुसरा वाटा ओढ्याचा आणि खालच्या गावांचा. शेतीच्या आधी. यावर सभेत नेहमी कुरकुर होते, म्हणून कारण नीट सांगावं लागतं. ओढ्यात उन्हाळ्यापर्यंत टिकणारे दोन-चार डोह असतात. त्यांतलं पाणी आणि त्या भोवतालची ओल यावर मरळ, शिंगी, वांब असे मासे तग धरतात, पहिल्या पुराला तिथूनच पुन्हा ओढाभर पसरतात. रानडुक्कर, कोल्हे, मोर आणि वाटेवरच्या मेंढ्या तिथेच येतात. ते पाणी आटलं की रानातली जनावरं वस्तीत आणि पिकांत शिरतात. आणि खालच्या गावाचा हक्क तर सरळच आहे. तुम्ही सगळं अडवलंत तर तुम्ही त्याचं नशीब अडवलंत. मी वाहणाऱ्या पाण्याच्या निम्म्याहून जास्त अडवायचं नाही असं धरून चालतो, आणि मुरलेल्या पाण्यापैकी दहावा हिस्सा ओढ्याच्या उन्हाळी ओलीसाठी सोडतो.

आता बाकीचं शेतीला. बऱ्या वर्षी ५७६ वाहत्या पाण्यापैकी २८८ अडवलं, त्यातलं तिसरा हिस्सा उन्हाने उडेल असं धरलं तर सुमारे १९० मुरतं. मुळात मुरलेलं ५७६ धरून ७६६. त्यातून पिण्याचे ५० आणि ओढ्याचे ७५ वजा करता ६४० टीसीएम शेतीला. वाईट वर्षी हाच हिशेब केला तर उरतात सुमारे ३३०.

रब्बीचा कांदा हेक्टरी सहा टीसीएम घेतो, हरभरा दोन, आणि दोन संरक्षित पाणी दिलेली ज्वारी दीड. म्हणजे बऱ्या वर्षी शंभर हेक्टर कांदा बसतो. वाईट वर्षी शंभर हेक्टर ज्वारीला १५०, पन्नास हेक्टर हरभऱ्याला १००, आणि उरलेल्या ८० मध्ये फळबागा जगवायच्या, वाढवायच्या नाहीत. ज्वारी घेतली की कडबाही हाती लागतो, तेव्हा चारा छावणीची वाट बघावी लागत नाही.

हे कागदावरचं स्वप्न नाही. हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने अनेक वर्षं हेच केलं: पाऊस किती झाला ते बघून पिकं ठरवायची, बोअरच्या पाण्यावर शेती नाही, ऊस आणि केळी नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर ठरला. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, आणि भूमिहीनालाही हक्क. त्याहून जुनी म्हणाल तर धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम नद्यांवरची फड पद्धत. सगळा फड (पाटाखालच्या जमिनीचा एक पट्टा) एका पिकाखाली, पाणी पाळीने, आणि कोणाचं पाणी कधी सुटलं ते बघायला गावानेच नेमलेला पाटकरी. पाणी वाटून घेण्याची अक्कल आपल्याकडे नव्हती असं कोणी म्हणू नये.

आता अडवा, पण माथ्यापासून

डोंगरउतारावर सलग समतल चर. साठ सें.मी. रुंद आणि तीस खोल चराच्या शंभर मीटर लांबीत १८ घनमीटर पाणी मावतं आणि एका पावसाळ्यात तो अनेकदा भरतो. चर समतल असणं हेच त्याचं सगळं काम. म्हणून ए-फ्रेमने (इंग्रजी A च्या आकाराच्या चौकटीने) किंवा पाण्याच्या नळीने पातळी घेतल्याशिवाय कुदळ मारू नका. एका टोकाला दहा सें.मी. उतार राहिला तर पहिल्या वळवात तिथून घळ पडते. माती उताराच्या खालच्या अंगाला, काठापासून फूटभर अंतर सोडून टाका आणि त्या भरावावर गवत पेरा. चराईबंदी नसेल तर हे चर दोन वर्षांत बुजतात. पानी फाउंडेशनच्या २०१८ च्या वॉटर कप स्पर्धेत माणमधलीच टाकेवाडी पहिली आली. उन्हातान्हात श्रमदान करून असे चर उभे करता येतात हे या तालुक्याला नव्याने सांगायची गरज नाही; राखण्याचं काम मात्र स्पर्धा संपल्यावर सुरू होतं.

घळींत अनघड दगडी बांध. मधल्या माळावर आणि शेतात कंपार्टमेंट बंडिंग (शेताचे कप्पे पाडणारे बांध), ढाळीची बांधबंदिस्ती. यांना उद्घाटनाची फीत लागत नाही म्हणून ती मागे पडतात, पण गाळ थांबतो तो इथेच.

मग ओढा. माती नाला बांध, सिमेंट नाला बांध, पाझर तलाव यांच्या जागा शिवारफेरीत काढलेल्या थरांच्या चित्रावरून ठरवा. तळाशी मुरूम किंवा फुटका खडक असेल तिथे पाणी मुरेल. तळाशी अखंड काळा पाषाण असेल तर पाणी नुसतं उभं राहील, आणि आपल्या कोरड्या पट्ट्यात उघड्या पाण्यावरून वर्षाला दीड ते दोन मीटर थर उडून जातो. असे तुडुंब दिसणारे आणि एकाही विहिरीला पाझर न देणारे बंधारे मी पाहिले आहेत.

नाला खोलीकरणाबद्दल जरा थांबून बोलायला हवं. यंत्र आलं की उत्साह येतो. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला सुरेश खानापूरकर यांच्या नाले खोल करण्याच्या कामाने जे साधलं त्यात तापीच्या गाळाच्या थराचा मोठा भाग होता; आपल्याकडे दोन-तीन मीटरवर खडक लागतो. मुरमाचा पाणीधारक थर फोडून खाली गेलात तर ओढा शेजारच्या विहिरींचं पाणी ओढून घेतो आणि ते उघड्यावर आणून उन्हाला देतो. साचलेला गाळ काढा, तो शेतात टाका, मूळ तळ लागला की थांबा. डोहांना तर हातच लावू नका.

वाळूचंही तेच. एक ब्रास वाळूत उपसता येण्याजोगं साधारण चारशे लिटर पाणी मावतं. तेवढ्याच आकाराच्या बेसॉल्टमध्ये पन्नास-साठ लिटर. ट्रक भरून वाळू गेली की तिच्यासोबत दरवर्षी भरणारी टाकी जाते, कायमची. वाळू राखणं हे जलसंधारणाचं सगळ्यात स्वस्त काम आहे आणि सगळ्यात धोक्याचंही, कारण त्यासाठी दांडग्यांशी वैर घ्यावं लागतं. एकट्यादुकट्याने नव्हे, ग्रामसभेच्या ठरावाने आणि तहसील कार्यालयात लेखी तक्रार देऊन घ्या.

प्लास्टिकच्या शेततळ्यांविषयी माझं मत ठाम आहे. पावसाचं वाहतं पाणी साठवणारं शेततळं चांगलं. विहीर-बोअर उपसून भरलेलं शेततळं म्हणजे सगळ्यांच्या टाकीतलं पाणी एकाच्या अंगणात आणून उडू देणं.

ओढ्याचा काठ

कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या काढघालीच्या फळ्या) परतीच्या पावसानंतर, साधारण ऑक्टोबरच्या मध्याला घालतात. खालचा एक बरगा बोटभर उचलून ठेवा, म्हणजे धार चालू राहते. पावसाआधी बरगे काढायला विसरू नका. ते राहिले की पहिला पूर काठ फोडून बाजूने जातो.

काठावर वेडी बाभूळ माजली असेल तर ती एकदम सगळी तोडू नका, काठ उघडा पडतो. पट्ट्यापट्ट्याने काढा आणि त्या जागी करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज, निरगुडी लावा. पाण्यालगत लव्हाळं आपोआप येतं, फक्त जाळू नका. दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर पट्टा नांगराविना राहिला तर उत्तम, पण बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालतात तिथे दहा मीटर मागणं जड जातं. गायरान आणि गावठाणापासून सुरुवात करा.

आणि गावाचं सांडपाणी. ५५ लिटरमधलं ऐंशी टक्के मोरीतून बाहेर पडतं, म्हणजे रोज जवळपास ८० हजार लिटर. ते गटारीने ओढ्यात सोडलं की डोह शेवाळतात आणि मासे मरतात. घरोघरी शोषखड्डे, आणि जिथे खडक उथळ आहे तिथे परसबाग. पिण्याच्या विहिरीच्या आसपास मात्र शोषखड्डा नको.

वाड्या-वस्त्यांपर्यंत पाणी

योजना मंजूर होण्याआधी स्रोताची मेमधली परीक्षा घ्या. विहीर उपसून तळाला आणा, मोटर बंद करा आणि तासाभरात पाणी किती चढतं ते मोजा. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत दहा सें.मी. चढलं तर तासाला सुमारे २८०० लिटर, वीस तासांत ५६ हजार. आपली गरज ९९ हजारांची. म्हणजे ही विहीर एकटी पुरणार नाही, तासाला अठरा सें.मी. तरी चढायला हवं. ही चाचणी पावसाळ्यात घेतली तर कोणतीही विहीर पास होते, आणि पुढे टाकी, पाइप, नळ सगळं उभं राहतं, पाणी तेवढं नसतं.

सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीला किंवा बोअरला महाराष्ट्राच्या भूजल कायद्याचा अडसर आहे. कायदा गावाने वापरला तर उपयोगाचा. स्रोताभोवतीचं ५०० मीटरचं वर्तुळ ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नकाशात रंगवा, त्यातल्या जुन्या विहिरीवाल्यांशी टंचाईच्या महिन्यांतल्या उपशाबद्दल आधीच लेखी बोलणी करून ठेवा. अधिग्रहणाची नोटीस येण्यापेक्षा हे गोडीने होतं. आणि गावातलं जलसंधारणाचं पहिलं काम या स्रोताच्या वरच्या अंगाला करा.

लांबच्या धनगरवाड्यासाठी पाइप ओढण्याआधी तिथे झरा आहे का पाहा. झऱ्याला कठडा, बारीक जाळी आणि खाली पाच हजार लिटरची टाकी, जनावरांसाठी वेगळा हौद. अशा छोट्या व्यवस्था वर्षानुवर्षं चालतात, कारण त्या बिघडल्या तर वस्तीवरचाच माणूस दुरुस्त करू शकतो.

गळती शोधायची सोपी रीत: रात्री वाटप बंद करा, टाकी भरून पातळी लिहा, पहाटे परत बघा. पाणी शुद्ध करायला हजार लिटरला पाच ग्रॅम ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, आधी बादलीत कालवून, निवळी टाकीत. अर्ध्या तासाने शेवटच्या नळावर लिटरला ०.२ मि.ग्रॅ. क्लोरीन उरलेला दिसला पाहिजे. पावडरीचं पोतं उघडं राहिलं की तिचा दम जातो. नायट्रेट आणि फ्लोराइडची तपासणी वर्षातून दोनदा, विशेषतः खोल बोअरचं पाणी असेल तर.

वर्षाचं वेळापत्रक

ताळेबंद २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडा, रब्बीची पेरणी व्हायच्या आत. नंतर मांडलात तर कांद्याची रोपं टाकून झालेली असतात आणि मग कोणी ऐकत नाही. ठराव साध्या भाषेत: कोणत्या पिकाखाली किती क्षेत्र, नवा बोअर नाही, पेयजल विहिरीच्या भोवती कोणत्या तारखेपासून उपसा बंद. २६ जानेवारीला विहिरींच्या पातळ्या वाचून दाखवा आणि गरज पडली तर तारीख अलीकडे आणा. १ मेच्या सभेत रोजगार हमीतून करायची कामं ठरवा. जूनआधी दुरुस्त्या, नवे चर आणि बरगे काढणं संपलं पाहिजे. १५ ऑगस्टला पावसाची बेरीज, आणि वाईट वर्षाचा रकाना लागू होणार का याचा पहिला इशारा.

समितीत वरच्या अंगाचे, खालच्या अंगाचे, विहीरवाले, बिनविहिरीचे, आणि पाणी भरणाऱ्या बायका असू द्या. एकाच गल्लीतली सात माणसं बसवलीत तर ठराव कागदावरच राहतो. नियम मोडणाऱ्याला दंड ठेवा, पण पहिल्या वर्षी तो वसूल करण्यापेक्षा मोडणाऱ्याचं नाव सभेत घेतलं तरी पुरतं.

पहिल्या वर्षी आकडे चुकतील. उपसा कमी धरला जाईल, एखादी विहीर भलतंच वागेल. मेअखेरची मोजणी झाली की ऑक्टोबरच्या वहीशेजारी ती वही उघडा, जिथे अंदाज फसला तिथे लाल शाईने खरा आकडा लिहा, आणि पुढच्या ताळेबंदात तोच धरा. हे काम एकाच शिक्षकाच्या किंवा एकाच ग्रामसेवकाच्या वहीत ठेवू नका, त्यांची बदली होते. तीन प्रती करा: एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक मोजणी करणाऱ्या पोरांकडे.